झालं असतं, केलं असतं : भूतकाळातलं ‘जर-तर’ इंग्रजीत बिनचूक कसं मांडायचं

सोलापुरात दहावीच्या उत्तरपत्रिकेत, टॉवेल कारखान्याच्या ईमेलमध्ये आणि नोकरीच्या मुलाखतीत एकच चूक एकाच रूपात भेटते : ‘इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ म्हणायचं असतं, ‘त्यानं सांगितलं असतं तर मी आलो असतो.’ नियम तोंडपाठ असलेली मुलंही इथे अडकतात, कारण चूक मराठीतून इंग्रजीत येताना होते. मराठीत जरच्या भागात ‘असतं’ आणि तरच्या भागातही ‘असतो’. दोन्हीकडे रूप सारखं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ बसवलं जातं. इंग्रजीत मात्र दोन भागांची रूपं वेगळी असतात आणि प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

घरी कन्नड बोलणाऱ्यांना इथे आयता आधार आहे. ‘मळे बंदिद्दरे बेळे बरुत्तित्तु’, म्हणजे ‘पाऊस आला असता तर पीक आलं असतं’. यात दोन भागांची रूपं मुळातच वेगळी आहेत. त्यांनी शाळेतली मराठी मध्ये न आणता घरच्या वाक्यावरून इंग्रजीकडे जावं.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. वाचता वाचता ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवा, म्हणजे स्पेलिंगचाही सराव होईल.

तयारी : आधी तिसरं रूप पक्कं करा

भूतकाळातल्या जर-तरच्या दोन्ही भागांत क्रियापदाचं तिसरं रूप लागतं, वर्गात ज्याला आपण व्ही-थ्री म्हणतो तेच. ते कच्चं असेल तर पुढचं सगळं बरोबर करूनही वाक्य चुकतं.

टेल-टोल्ड-टोल्ड, मिस-मिस्ड-मिस्ड, बाय-बॉट-बॉट अशा क्रियापदांची काळजी नाही, त्यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच असतं. धोका आहे तो ही रूपं वेगळी असतात तिथे. खालची पंधरा क्रियापदं एका पानावर लिहून भिंतीला लावा :

गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन, नो-न्यू-नोन, राइट-रोट-रिटन, ईट-एट-ईटन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, स्पीक-स्पोक-स्पोकन, चूझ-चोझ-चोझन, रन-रॅन-रन, बिकम-बिकेम-बिकम.

यात कम, रन आणि बिकम ही तीन सर्वांत फसवी, कारण त्यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच आहे. ‘हॅड केम’ आणि ‘वुड हॅव केम’ कानाला भूतकाळी वाटतात म्हणून हातून सुटतात. दोन्ही चूक.

तपासणी : शंका आली की क्रियापदाआधी ‘आय हॅव’ लावून मोठ्यानं म्हणा. ‘आय हॅव वेंट’ खटकतं, ‘आय हॅव गॉन’ बसतं. जे बसलं तेच रूप इथे वापरायचं.

टप्पा १ : गोष्ट खरंच ‘न घडलेली’ आहे का, ते पाहा

भूतकाळातलं प्रत्येक जर-तर ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’नं बनत नाही. आधी मराठी वाक्याचं शेपूट बघा.

‘पाऊस आला की आम्ही शाळेतच थांबायचो.’ ही सवय झाली. पाऊस यायचा आणि आपण थांबायचो, म्हणजे दोन्ही गोष्टी खरंच घडत होत्या. इथे दोन्हीकडे साधा भूतकाळ : ‘इफ इट रेन्ड, वी स्टेड ॲट स्कूल.’

‘तो सकाळच्या हुतात्मानं गेला असेल तर आतापर्यंत पुण्यात पोचला असेल.’ (हुतात्मा म्हणजे सोलापूर-पुणे रेल्वेगाडी.) इथे शेवटी ‘असेल’ आहे. तो गेला की नाही ते बोलणाऱ्याला ठाऊक नाही, दोन्ही शक्यता उघड्या आहेत : ‘इफ ही टुक द मॉर्निंग हुतात्मा, ही मस्ट हॅव रीच्ड पुणे बाय नाऊ.’ इथे ‘इफ ही हॅड टेकन’ लिहिलं तर अर्थ उलटतो, तो गेलाच नाही असं होतं.

‘तो सकाळच्या हुतात्मानं गेला असता तर एव्हाना पोचला असता.’ आता तो गेलेला नाही हे नक्की. पुढचे टप्पे फक्त अशा वाक्यांसाठी आहेत.

तपासणी : शेवटी ‘असेल’ असेल तर थांबा, ही पद्धत वापरू नका. ‘असता, असती, असतं, असते’ असेल तर पुढे चला.

टप्पा २ : खरं काय घडलं ते दोन साध्या वाक्यांत लिहा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात, आणि ‘नॉट’ कुठे घालायचं याचा घोळ तिथूनच सुरू होतो. जर-तर थेट भाषांतरित करू नका. आधी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

मराठी वाक्य : काल रात्री गजर लावला असता तर सकाळची हुतात्मा चुकली नसती.

घडलेलं : गजर लावला नाही. हुतात्मा चुकली.
इंग्रजीत : ‘आय डिड नॉट सेट द अलार्म. आय मिस्ड द हुतात्मा.’

आता दोन्ही वाक्यं उलटवा. जिथे ‘नॉट’ आहे तिथून ते काढा, जिथे नाही तिथे घाला. पहिल्या वाक्याला ‘इफ’ आणि ‘हॅड’ जोडा, दुसऱ्याला ‘वुड हॅव’ :

‘इफ आय हॅड सेट द अलार्म, आय वुड नॉट हॅव मिस्ड द हुतात्मा.’

पहिल्यात ‘नॉट’ होतं ते गेलं, दुसऱ्यात नव्हतं ते आलं. प्रत्येक भाग आपापला उलटतो, दुसऱ्याकडे बघत नाही. दोन्ही घडलेल्या गोष्टींत नकार असेल तर उलटवल्यावर दोन्हीकडे होकार येईल. दोन्हीकडे होकार असेल तर दोन्हीकडे नकार.

इशारा : घडलेली वाक्यं ‘सो’, ‘बिकॉज’ किंवा ‘दॅट इज व्हाय’नं जोडलेली असतील तर जर-तर करताना तो शब्द काढून टाका. ‘इफ आय हॅड सेट द अलार्म, सो आय वुड नॉट हॅव मिस्ड’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. कारण सांगण्याचं काम आता ‘इफ’ करतं, दुसरा शब्द लागत नाही. मराठीतल्या ‘तर’साठी ‘देन’ घालण्याचीही गरज नाही, स्वल्पविराम पुरतो.

टप्पा ३ : प्रत्येक भागाचा काळ वेगळा ठरवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. व्याकरण बिनचूक असूनही अर्थ चुकतो तो याच टप्प्यावर.

मराठीतलं ‘असतो’ तेव्हाबद्दलही चालतं आणि आत्ताबद्दलही. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ती चादर घेतली असती.’ हे वाक्य दुकानात चादरीसमोर उभं राहून म्हणता येतं आणि महिनाभरानं घरी बसूनही म्हणता येतं. मराठी ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळतं, त्यामुळे आपण वेळेचा विचारच करत नाही. इंग्रजी हे सोडत नाही. म्हणून कागदावर दोन चौकोन काढा, एकावर ‘जर’ लिहा, दुसऱ्यावर ‘तर’, आणि प्रत्येकात ‘तेव्हा’ किंवा ‘आत्ता’ लिहा. चार जोड्या होतात.

जर तेव्हा, तर तेव्हा. गेल्या महिन्यात दुकानात पैसे नव्हते, चादर घेतली नाही : ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट द चादर.’ ‘हॅड हॅड’ ही छपाईची चूक नाही. पहिलं ‘हॅड’ साहाय्यक, दुसरं ‘हॅव’चं तिसरं रूप. एक गाळलं की वाक्य आत्ताचं होतं.

जर आत्ता, तर आत्ता. दुकानात उभे आहात, खिसा रिकामा आहे : ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय द चादर.’ रूप भूतकाळी दिसतं, अर्थ वर्तमानाचा. ‘इफ आय वर यू’ याच घरातलं. त्याचा गेलेल्या घटनेशी संबंध नाही, म्हणून कालच्या प्रसंगाला ते लावू नका.

जर तेव्हा, तर आत्ता. ‘गेल्या वर्षी तो कोर्स केला असता तर आज नोकरीत असतो.’ कारण मागे राहिलं, परिणाम आज भोगतो आहे : ‘इफ आय हॅड डन दॅट कोर्स लास्ट इयर, आय वुड बी इन अ जॉब टुडे.’ तरच्या भागात ‘वुड’ आणि पहिलं रूप, ‘हॅव’ नाही. ‘आज’, ‘आता’, ‘अजून’ असा शब्द तरच्या भागात दिसला की आधी ही जोडी तपासा.

जर आत्ता, तर तेव्हा. ही जोडी पुस्तकांत कमी सापडते आणि सोलापुरात रोज लागते. ‘मला तेलुगू येत असती तर काल तो विणकर काय म्हणाला ते कळलं असतं.’ तेलुगू काल येत नव्हती, आजही येत नाही. ती अवस्था संपलेली नाही. न कळणं मात्र कालचं : ‘इफ आय न्यू तेलुगू, आय वुड हॅव अंडरस्टुड द वीव्हर यस्टर्डे.’ इथे ‘इफ आय हॅड नोन’ लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं, काल येत नव्हती, आता येते.

‘असणे’चा सापळा. बाकी क्रियापदांत मराठी निदान ‘केलं असतं’, ‘गेलो असतो’ अशी जोडरूपं देते. ‘असणे’ला तेही नाही. ‘मी तिथे असतो तर मदत केली असती’ यात ‘असलो असतो’ असं आपण म्हणत नाही. त्यामुळे जरचा भाग वर्तमानासारखा दिसतो आणि हातून ‘इफ आय वॉज देअर, आय वुड हॅव हेल्प्ड’ उतरतं. प्रसंग कालचा असेल तर ‘इफ आय हॅड बीन देअर, आय वुड हॅव हेल्प्ड.’ मराठी वाक्यात नुसतं ‘असतो, असती, असते’ दिसलं की थांबून विचारा : हे तेव्हाचं असणं की आत्ताचं? तेव्हाचं असेल तर ‘हॅड बीन’.

तपासणी : वाक्य पूर्ण झालं की अर्थ वाचा, फक्त रूपं नको. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर निबंध लिहिताना ‘इफ ही हॅड नॉट फॉलन इल, ही वुड बी अलाइव्ह टुडे’ असं वाक्य सहज येतं. व्याकरण ठीक आहे. पण त्यांचा जन्म १९१० चा आणि मृत्यू डिसेंबर १९४२ मध्ये चीनमध्ये झाला. ‘आज हयात असते’ हा परिणाम जुळत नाही. तर-चौकोनात ‘तेव्हा’ हवं : ‘इफ ही हॅड नॉट फॉलन इल, ही वुड हॅव ट्रीटेड मेनी मोअर पेशंट्स.’

टप्पा ४ : आता वाक्य बांधा

क्रम असा : इफ, कर्ता, हॅड, नॉट असेल तर नॉट, तिसरं रूप, स्वल्पविराम, मग कर्ता, वुड, नॉट असेल तर नॉट, हॅव, तिसरं रूप.

‘नॉट’ची जागा दोन भागांत वेगळी लक्षात ठेवा. जरच्या भागात ‘हॅड’नंतर, तरच्या भागात ‘वुड’ आणि ‘हॅव’च्या मध्ये. ‘वुड हॅव नॉट कम’ हे बोलताना ऐकू येतं, पण परीक्षेत ‘वुड नॉट हॅव कम’च लिहा.

कर्ता कुणीही असो, ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही. ‘ही वुड हॅज कम’ ही चूक ‘ही’ दिसताच ‘हॅज’ लिहायच्या सवयीतून येते. ‘वुड’नंतर नेहमी ‘हॅव’. ‘वुड हॅड’ही नाही.

‘अनलेस’ इथे वापरू नका. ‘अनलेस’ पुढच्या, अजून शक्य असलेल्या गोष्टीला शोभतं. न घडलेल्या भूतकाळाला ‘इफ’ आणि ‘हॅड नॉट’ लावणं सुरक्षित.

तरचा भाग आधी आला तर स्वल्पविराम लागत नाही : ‘आय वुड हॅव कम इफ ही हॅड टोल्ड मी.’ बोलताना हा क्रम जास्त नैसर्गिक वाटतो. ज्यांना ‘इफ’नंतर लगेच ‘वुड’ लिहायची सवय आहे त्यांनी काही दिवस मुद्दाम याच क्रमानं लिहावं. ‘वुड’ आधीच वापरून झालेलं असतं, त्यामुळे जरच्या भागात ‘हॅड’ आपोआप सुचतं.

इशारा : ‘इफ आय वुड हॅव नोन’ असं अमेरिकन लोक बोलताना तुमच्या कानावर पडेल. व्हिडिओत ऐकलं म्हणून ते लिहू नका. लेखी इंग्रजीत आणि परीक्षेत ती चूकच धरली जाते.

टप्पा ५ : ‘वुड’, ‘कुड’ की ‘माइट’

मराठी क्रियापदात ‘शकलो असतो’ आलं की ‘कुड हॅव’. ‘थोडा अभ्यास केला असता तर पास होऊ शकलो असतो’ : ‘इफ आय हॅड स्टडीड अ लिटल, आय कुड हॅव पास्ड.’ ‘वुड कुड हॅव’ किंवा ‘वुड हॅव कॅन’ अशी जोडगोळी इंग्रजीत होत नाही, एकच शब्द निवडायचा.

‘कदाचित’ आलं की ‘माइट हॅव’. ‘कदाचित’साठी वेगळं ‘परहॅप्स’ घालून वर ‘वुड हॅव’ लिहिण्यापेक्षा हे नेटकं. परिणाम नक्की झालाच असता असं म्हणायचं असेल तेव्हाच ‘वुड हॅव’. मुलाखतीत ‘त्या ठिकाणी तुम्ही काय केलं असतं’ असं विचारल्यावर सगळीकडे ‘आय वुड हॅव’ लावणारा उमेदवार फाजील खात्री दाखवतो. ज्याची खात्री नाही तिथे ‘आय माइट हॅव’ म्हणा.

‘सांगायला पाहिजे होतं’ हे जर-तर नाही. ‘यू शुड हॅव टोल्ड मी.’ तिथे ‘इफ’ येत नाही. ‘इफ यू शुड हॅव टोल्ड मी’ ही दोन वेगळ्या रचनांची सरमिसळ आहे.

टप्पा ६ : ‘झालं असतं’ आणि प्रश्न

क्रियापद ‘केलं’ऐवजी ‘झालं’ असेल तर बहुधा ‘बीन’ लागतं. ‘वीज गेली नसती तर टॉवेलची ऑर्डर वेळेत पूर्ण झाली असती.’ ऑर्डर स्वतःहून पूर्ण होत नाही, ती केली जाते : ‘इफ द पॉवर हॅड नॉट फेल्ड, द टॉवेल ऑर्डर वुड हॅव बीन कंप्लीटेड ऑन टाइम.’ ‘वुड हॅव कंप्लीटेड’ लिहिलं तर ऑर्डरनंच काहीतरी पूर्ण केलं असं होतं. ‘वुड बी कंप्लीटेड’ लिहिलं तर ऑर्डर अजून पुढे व्हायची आहे असं वाटतं.

प्रश्नात फक्त ‘वुड’ कर्त्याच्या आधी जातं, ‘हॅव’ जागेवर राहतं. ‘व्हॉट वुड यू हॅव डन इफ द बस हॅड ब्रोकन डाउन?’ ‘व्हॉट वुड हॅव यू डन’ चूक. जरच्या भागाचा क्रम प्रश्नातही बदलत नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना ही रूपं आहेत तशीच ठेवा. ‘ही सेड दॅट इफ ही हॅड नोन, ही वुड हॅव कम.’ काळ मागे ढकलायला इथे जागाच उरलेली नाही.

टप्पा ७ : आखूड रूपं आणि ‘इफ’शिवायची रूपं

बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्हींचं अपॉस्ट्रॉफी लावून नुसतं ‘डी’ होतं. ‘आयड’ म्हणजे काय ते पुढच्या शब्दावरून ओळखा. पुढे ‘हॅव’ किंवा पहिलं रूप असेल तर ते ‘वुड’. थेट तिसरं रूप असेल तर ‘हॅड’. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम’ यात पहिलं ‘हॅड’, दुसरं ‘वुड’. औपचारिक पत्रात आणि उत्तरपत्रिकेत दोन्ही पूर्ण लिहा.

‘वुड हॅव’ घाईत ‘वुडव्ह’ होतं आणि ते ‘वुड ऑव्ह’सारखं ऐकू येतं. कानावरून लिहिणारे मग खरोखर ‘ऑव्ह’ लिहितात. ते तिथे कधीच नसतं.

मराठीत आपण ‘जर’ आणि ‘तर’ दोन्ही खुशाल गाळतो : ‘सांगितलं असतंस, आलो असतो.’ इंग्रजीत ‘इफ’ गाळायचं तर ‘हॅड’ कर्त्याच्या आधी न्यावंच लागतं : ‘हॅड यू टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ ‘इफ’ही ठेवलं आणि ‘हॅड’ही पुढे नेलं, असं करू नका. नकार असेल तर ‘नॉट’ सुटं आणि कर्त्यानंतर : ‘हॅड आय नॉट गॉन’. ‘हॅडंट आय गॉन’ चूक.

‘नाहीतर’साठी ‘अदरवाइज’. ‘लवकर निघालो, नाहीतर गाडी चुकली असती’ : ‘आय लेफ्ट अर्ली, अदरवाइज आय वुड हॅव मिस्ड द ट्रेन.’ पहिला भाग घडलेला आहे, म्हणून तिथे साधा भूतकाळ. ‘आय हॅड लेफ्ट’ची गरज नाही.

‘तुमची मदत नसती तर’ अशा ठिकाणी नाम असेल तेव्हा ‘बट फॉर’ किंवा ‘विदाउट’ पुरतं : ‘बट फॉर युअर हेल्प, आय वुड हॅव फेल्ड.’ त्यानंतर पूर्ण वाक्य येत नाही, नुसतं नाम येतं.

टप्पा ८ : पाठवण्याआधी सूर तपासा

हा टप्पा कारखान्यातून किंवा ऑफिसातून इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी. परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी थेट सरावाकडे जावं.

‘इफ यू हॅड सेंट द साइझ चार्ट अर्लियर, वी वुड हॅव शिप्ड द टॉवेल्स ऑन टाइम.’ व्याकरण निर्दोष आहे, पण ग्राहक वाचतो : चूक तुमची. न घडलेल्या भूतकाळाच्या वाक्यात जरच्या भागातला कर्ता हाच दोषी ठरतो. दोष द्यायचा नसेल तर तिथून ‘यू’ काढा : ‘इफ वी हॅड रिसीव्ह्ड द साइझ चार्ट बाय मंडे, वी कुड हॅव शिप्ड द टॉवेल्स ऑन टाइम.’ कर्ता आपण, वार स्पष्ट, आणि ‘वुड’च्या जागी ‘कुड’. माहिती तीच राहते, ग्राहकही दुखावत नाही. उशीर आपल्याकडून झाला असेल तर मात्र असलं वाक्य लिहूच नका. साध्या भूतकाळात काय झालं ते सांगा आणि माल कधी निघेल ते लिहा.

सराव

सहा वाक्यं. प्रत्येकासाठी आधी घडलेल्या दोन गोष्टी, मग दोन चौकोन, मग इंग्रजी. उत्तरं झाकून ठेवा.

१. ऑक्टोबरात पाऊस झाला असता तर ज्वारी चांगली आली असती.
२. काल मी तिथे असते तर त्याला थांबवलं असतं.
३. तू तेव्हा कर्ज घेतलं नसतंस तर आज निवांत असतास.
४. तिकीट आधी काढलं असतं तर कदाचित जागा मिळाली असती.
५. बरं झालं छत्री घेतली, नाहीतर भिजलो असतो.
६. गड्ड्याच्या जत्रेमुळे रस्ता बंद आहे हे कळलं असतं तर आम्ही ‘सात रस्ता’ या चौकावरून गेलो असतो.

उत्तरं

१. ‘इफ इट हॅड रेन्ड इन ऑक्टोबर, द ज्वारी वुड हॅव ग्रोन वेल.’ ‘ग्रो’चं तिसरं रूप ‘ग्रोन’; ‘ग्रू’ लिहिलं असेल तर तेही तयारीच्या पानावर चढवा.

२. ‘इफ आय हॅड बीन देअर यस्टर्डे, आय वुड हॅव स्टॉप्ड हिम.’ ‘वॉज’ लिहिलं असेल तर टप्पा ३ मधला ‘असणे’चा सापळा पुन्हा वाचा.

३. ‘इफ यू हॅड नॉट टेकन द लोन, यू वुड बी ॲट ईझ टुडे.’ जर तेव्हा, तर आत्ता. ‘वुड हॅव बीन’ लिहिलं तर ‘टुडे’शी जुळत नाही.

४. ‘इफ वी हॅड बॉट द टिकेट्स अर्लियर, वी माइट हॅव गॉट सीट्स.’ मराठीत कर्ता दिलेला नाही. इंग्रजीत तो घालावाच लागतो, आणि दोन्ही भागांत एकच ठेवावा.

५. ‘लकिली आय टुक ॲन अम्ब्रेला, अदरवाइज आय वुड हॅव गॉट वेट.’

६. ‘इफ वी हॅड नोन दॅट द रोड वॉज क्लोज्ड बिकॉज ऑफ द गड्डा, वी वुड हॅव गॉन व्हाया सात रस्ता.’ इथे तीन क्रियापदं आहेत. कळलं नाही आणि सात रस्त्यावरून गेलो नाही, या दोन गोष्टी उलटल्या. रस्ता बंद होता हे मात्र खरंच होतं, म्हणून ते उलटलं नाही आणि त्याला ‘हॅड’ही लागलं नाही. ‘दॅट द रोड वुड हॅव बीन क्लोज्ड’ लिहिलं असेल तर टप्पा २ कडे परत जा आणि वाक्यातली कोणती गोष्ट घडली, कोणती नाही, हे पुन्हा कागदावर मांडा.